व्हेनिसचे प्रवेशशुल्क आणि प्रवाशाचे कर्तव्य

इटलीतील व्हेनिस नगरपालिकेने २५ एप्रिल २०२४ पासून शहरात दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घेण्यास प्रारंभ केला. किल्ला, राजवाडा वा संग्रहालय पाहण्यासाठी तिकीट काढावे लागते, यात नवे काही नाही. परंतु जेथे माणसे राहतात, मुले शाळेत जातात, न्यायालये आणि रुग्णालये चालतात, अशा नांदत्या शहराच्या वेशीवर तिकीट लागावे, ही गोष्ट निराळी आहे. त्या वर्षी २९ दिवस हे शुल्क लागू होते. २०२५ साली दिवसांची संख्या ५४ वर गेली आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यास ५ ऐवजी १० युरो भरावे लागले. युरोपच्या प्रवासाचा बेत आखणाऱ्यांच्या खर्चात यामुळे एका किरकोळ रकमेची भर पडली, एवढाच या घटनेचा अर्थ नाही. एखाद्या पुरातन शहराचा उपभोग किती जणांनी, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या खर्चाने घ्यावा, हा तिच्यामागचा खरा प्रश्न आहे.

प्रथम परिस्थिती ध्यानात घ्यावी लागेल. एड्रियाटिक समुद्राच्या खाजणातील शंभराहून अधिक बेटांवर वसलेल्या या शहराचे क्षेत्रफळ सात-आठ चौरस किलोमीटर भरते. १९५१ साली तेथे सुमारे १ लाख ७४ हजार लोक राहत होते. २०२२ साली ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. शहरातील एका औषधाच्या दुकानाच्या काचेआड रहिवाशांची घटती संख्या दाखविणारा फलक २००८ सालापासून लावलेला आहे. आजाऱ्याच्या उशाशी तापाचा तक्ता टांगावा, तसाच हा प्रकार. उलट वर्षाकाठी येणाऱ्या प्रवाशांचे अंदाज २ ते ३ कोटींच्या दरम्यान आहेत आणि त्यांतील बहुसंख्य सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे असतात.

लोकसंख्येच्या या ऱ्हासाचा सगळा दोष प्रवाशांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ओलीने पोखरलेले तळमजले सोडून अनेक कुटुंबे मुख्य भूमीवरील मेस्त्रे या उपनगरातील आधुनिक घरांत गेली. मार्गेरा येथील कारखान्यांनी कामगारांना तिकडे ओढले. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले आणि उरलेल्यांपैकी कित्येकांचा धीर सुटला. तथापि, पुढील काळात जे घडले त्याचे कारण निराळे आहे. घर कुटुंबाला वर्षभराच्या भाड्याने देण्यापेक्षा प्रवाशाला दोन रात्रींसाठी देणे कैकपटीने किफायतशीर ठरू लागले, तेव्हा घरमालकांनी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात लिहिले आहे तसेच वर्तन केले. २०२३ साली शहरातील प्रवाशांसाठीच्या खाटांची संख्या रहिवाशांच्या संख्येच्या पुढे गेल्याचे तेथील नागरिकांच्या गटांनी मोजून दाखविले. ज्या शहरात पाहुण्यांच्या खाटा यजमानांहून अधिक, त्या शहराला शहर म्हणावे की धर्मशाळा, असा प्रश्न कोणाला पडला तर नवल नाही.

या पार्श्वभूमीवर ५ युरोंच्या शुल्काने काय साधेल, हे पाहावयास हवे. गर्दीवर शुल्क बसविण्यामागील तत्त्व चुकीचे नाही. प्रत्येक नवा प्रवासी अरुंद गल्ल्यांवर, पुलांवर, नौकांवर आणि कचरा उचलणाऱ्या यंत्रणेवर जो भार टाकतो, त्याची किंमत तो स्वतः देत नाही. ती रहिवाशाला द्यावी लागते. हा भार शुल्काच्या रूपाने त्याच्या पदरी घालणे हा अर्थशास्त्रातील मान्य उपाय आहे. मात्र त्यासाठी शुल्काचा आकडा माणसाचा निर्णय बदलण्याइतका मोठा असावा लागतो. व्हेनिसमध्ये व्हापोरेत्तो या सार्वजनिक नौकेचे एक वेळचे तिकीट २०२४ साली साडेनऊ युरोंना होते. भारतातून जाणाऱ्या प्रौढ प्रवाशाला शेंगेन व्हिसासाठी जून २०२४ पासून ९० युरो मोजावे लागतात; विमानभाडे, निवास, भोजन हे वेगळेच. या सर्व खर्चाच्या बेरजेत ५ वा १० युरोंनी कोणाचा बेत रहित होईल, हे संभवत नाही. पहिल्या वर्षी सुमारे ४ लाख ८५ हजार जणांनी शुल्क भरले व सुमारे २४ लाख युरो जमा झाले. दुसऱ्या वर्षी सुमारे ७ लाख २० हजार जणांनी भरले व जमा ५४ लाखांवर गेली. महसूल म्हणून हे ठीक आहे. पण नियंत्रण म्हणून या शुल्काला धार नाही.

मग शुल्क ५० वा १०० युरो करावे काय? तसे केले तर गर्दी ओसरेल, पण व्हेनिस केवळ धनिकांचे होईल. त्या परिसरातील विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, कामगार यांना सान मार्कोचा चौक दुर्लभ व्हावा आणि आलिशान जहाजाच्या उतारूला तो सुलभ राहावा, ही वाटणी कोणत्याही लोकशाहीला शोभणारी नाही. म्हणून किमतीऐवजी संख्येची मर्यादा, हा दुसरा मार्ग विचारात घ्यावा लागतो. व्हेनिसपासून जवळच असलेल्या पादुआ शहरात जोत्तोची भित्तिचित्रे असलेले स्क्रोवेन्यी प्रार्थनामंदिर आहे. तेथे आगाऊ नोंदणीवाचून प्रवेश नाही. एका वेळी २५ जणांना पंधरा मिनिटांसाठी आत सोडतात. त्यामुळे सातशे वर्षांपूर्वीचे रंग टिकून आहेत आणि नंबर लावणारा गरीब आहे की श्रीमंत, हे तेथे कोणी पाहत नाही. अर्थात शहर म्हणजे प्रार्थनामंदिर नव्हे. नागरिकांच्या संचारावर पहारा बसविणे सोपे नाही आणि इष्टही नाही. पण शहरात उतरणाऱ्या सहलींच्या बसगाड्या, नौका व जहाजे यांची दैनंदिन संख्या ठरविता येते.

किंबहुना व्हेनिसने जेथे संख्येची आणि आकाराची मर्यादा घातली, तेथे परिणाम दिसला आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरील पाण्यात व ज्युदेक्का कालव्यात मज्जाव झाला आणि मनोऱ्यांशी उंचीची स्पर्धा करणारी ती तरंगती हॉटेले तेथून हटली. १ ऑगस्ट २०२४ पासून वाटाड्याबरोबर फिरणाऱ्या गटात २५ हून अधिक माणसे असू नयेत व ध्वनिवर्धक वापरू नये, असाही नियम आला. खाटांच्या संख्येबाबत मात्र अशी तत्परता दिसली नाही. प्रवाशांना अल्प मुदतीने घरे देण्यावर मर्यादा घालण्याचा खास अधिकार इटलीच्या संसदेने २०२२ साली या नगरपालिकेस दिला. परंतु तिचा उत्साह प्रवेशशुल्काकडेच अधिक राहिला.

असे का व्हावे, याचे उत्तर मतपेटीत आहे. व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीत मुख्य भूमीवरील मेस्त्रेचाही समावेश होतो आणि हद्दीतील सुमारे अडीच लाख लोकांपैकी बेटांवरील जुन्या शहरात पाचवा हिस्साही राहत नाही. ज्यांच्या दारात गर्दी, त्यांची मते थोडी. ज्यांना गर्दीचे उत्पन्न, त्यांची मते फार. दोहोंच्या नगरपालिका वेगळ्या कराव्यात काय, यावर अनेकदा सार्वमत झाले. १ डिसेंबर २०१९ च्या सार्वमताला तर पुरेसे मतदानही झाले नाही. युनेस्कोने १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत घातलेले हे शहर धोक्यातील वारशांच्या यादीत टाकावे, अशी शिफारस २०२१ व २०२३ साली पुढे आली होती. दोन्ही वेळा ती टळली. २०२३ साली तर त्या बैठकीच्या तोंडावरच नगरपालिकेने प्रवेशशुल्काला मंजुरी दिली. औषध रोग्यासाठी होते की तपासनिसासाठी, अशी शंका घेण्यास त्यामुळे जागा राहते.

यात महाराष्ट्रातील प्रवाशाचा संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध जुना आहे. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पुतळ्यांच्या माळेतील पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे डुकाट हे सोन्याचे नाणे. मसाल्यांच्या व कापडाच्या मोबदल्यात ते पूर्वेकडे वाहत आले आणि सोनाराने ते गळ्यात गुंफले. १२८४ साली प्रथम पाडलेल्या त्या नाण्यातील साडेतीन ग्रॅम शुद्ध सोने, १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत, व्हेनिसने घटू दिले नाही. परमुलखातील व्यापारी त्या नाण्यावर विश्वास ठेवीत, तो याच कारणाने.

आजचा संबंध सहलींचा आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोपच्या सहली बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे शाळांच्या सुट्टीत जातात. व्हेनिसचे शुल्काचे दिवसही वसंतात सुरू होतात, कारण तेथील गर्दीही त्याच सुमारास चढू लागते. दहा-बारा दिवसांत सहा-सात देश उरकावयाचे असल्याने व्हेनिसच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. बस त्रोन्केत्तोच्या वाहनतळावर थांबते, नौका सान मार्कोला सोडते, काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक, गोंडोलातील फेरी, छायाचित्रे, आणि परत. या प्रवाशाने शहराला गर्दी दिली. शहराने त्याला गर्दीच दाखविली. आयुष्याची पुंजी मोडून एकदाच युरोपला जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचाच आहे.

सहलीचा बेत आखताना यावर उपाय करता येण्यासारखा आहे. पहिला प्रश्न ऋतूचा. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरमध्ये, थंडी असते. परंतु वसंतातील रेटा नसतो. हे भरतीचे दिवस खरे. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. मात्र खाजणाच्या मुखाशी उभारलेले मोझे नावाचे फिरते बांध ऑक्टोबर २०२० पासून उचलले जाऊ लागले आणि मोठ्या भरतीचे भय पुष्कळ कमी झाले. दुसरा प्रश्न मुक्कामाचा. तीन देश कमी करून व्हेनिसला दोन-तीन रात्री राहिल्यास सहलींच्या नौका परतल्यानंतरचे आणि येण्यापूर्वीचे शहर पाहावयास मिळते. नगरपालिका हद्दीत मुक्काम करणाऱ्यास प्रवेशशुल्क माफ आहे. कारण निवासकर त्याच्याकडून वेगळा घेतला जातो. सवलतीची नोंदणी तेवढी आधी करावी लागते. तिसरा प्रश्न निवासाचा. एखाद्या कुटुंबाचे घर रिकामे करून उभ्या राहिलेल्या खोलीपेक्षा परवानाधारक हॉटेल निवडावे. २०२५ पासून इटलीत प्रत्येक अल्प मुदतीच्या निवासाला राष्ट्रीय ओळखक्रमांक दाखविणे सक्तीचे आहे. तो नसेल तेथे पैसे भरू नयेत.

हे सर्व महाग पडेल, असा आक्षेप येईल. दर रात्रीच्या हिशेबाने तो खरा आहे. पण सात देशांऐवजी चार देश पाहिले, तर बसचे, विमानाचे आणि धावपळीचे पैसे वाचतात. सहल कंपन्या यादीतील देशांची संख्या वाढवितात, याचे कारण ग्राहक ती संख्या मोजतो, हे होय. ग्राहकांनी रात्री मोजावयास सुरुवात केली, तर कंपन्यांच्या पत्रकांतही रात्री वाढतील. पन्नास जणांच्या गटाला २५ च्या नियमामुळे आता तसेही दोन भाग पाडावे लागतात. लहान गटांच्या संथ सहली आखण्यास तेवढेच निमित्त पुरे व्हावे.

अर्थात केवळ प्रवाशांच्या शहाणपणावर कोणतेही शहर तगत नाही. खाटांची मर्यादा, रहिवाशांसाठी परवडणारी घरे आणि सहलींच्या वाहनांची दैनंदिन संख्या ठरविण्याचे काम तेथील शासनालाच करावे लागेल, आणि ५ युरोंची पावती हा त्याला पर्याय नाही. नाण्यातील सोने घटले की नाण्याचा मान जातो, हे व्हेनिसने पाच शतके जाणले होते. शहराचे सोने म्हणजे त्याचे रहिवासी. ते घटत असता दरवाजावर तिकीट लावून तिजोरी थोडी भरेल, पण पाहण्यासारखे जे आहे ते उरणार नाही.