जरा सरकून बसा!

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. बॅग पाठीला, ६.५२ची लोकल डोक्यात, आणि तेवढ्यात मार्केटिंगमधला मित्र खुर्ची ढकलत शेजारी येतो. ‘‘अगं, दोन मिनिटं फक्त. हे बटण मोठं होत नाहीये.’’

दोन मिनिटं! ऑफिसमध्ये ‘दोन मिनिटं’ म्हणजे किती, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लॅपटॉपवर दिवाळी ऑफरचं पान उघडं. मधोमध ‘आत्ताच बुक करा’. पठ्ठ्याने त्याला रुंदी दिली होती २०० पिक्सेल. फरक शून्य. मग ३००. मग वैतागून ६००. बटण ढिम्म.

‘‘सीएसएस बिघडलंय,’’ त्याचं निदान.

बिघडलं काहीच नव्हतं. बटण म्हणून जे दिसत होतं ती खरं तर रंग फासलेली एक लिंक होती, आणि लिंक म्हणजे जन्मजात ‘इनलाइन’. म्हणजे ओळीतला एक शब्द. शब्दाची रुंदी त्यातल्या अक्षरांवरून ठरते, तुमच्या मर्जीवर नाही. ब्राउझरने त्याचे ६०० पिक्सेल वाचले आणि सरळ कानाआड केले. एरर नाही, तक्रार नाही. वर-खाली मार्जिन द्या, तेही कानाआड. पॅडिंग द्या, मग आणखी मजा. रंग वर-खाली पसरतो, पण आजूबाजूच्या ओळी जागच्या हलत नाहीत, त्यामुळे बटण शेजारच्या ओळीच्या अंगावर चढून बसतं.

मी एकच ओळ लिहिली. ‘डिस्प्ले: इनलाइन-ब्लॉक’. बटण टुणकन फुगलं. साहेब खूश!

तर मंडळी, फंडा असा आहे. वेब पेजवरचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक चौकोनी डबा. हेडिंग डबा, परिच्छेद डबा, फोटो डबा. ‘डिस्प्ले’ ही सीएसएसमधली ओळ त्या डब्याला दोन गोष्टी सांगते. एक, बाहेर इतरांच्यात तू कसा बसणार? आणि दोन, तुझ्या पोटातली मंडळी कशी बसणार? पानाची वाट लागते तेव्हा बहुतेक वेळा या दोनांपैकी एकाचं उत्तर चुकलेलं असतं, आणि आपण मात्र रुंदी-उंचीचे आकडे बदलत बसतो.

‘ब्लॉक’ म्हणजे रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्ये अख्ख्या बाकावर आडवा झालेला गृहस्थ. परिच्छेद आणि हेडिंग या जातीचे. पूर्ण रुंदी त्यांची. आणि गंमत म्हणजे, तुम्ही त्याची रुंदी निम्मी केलीत तरी उरलेल्या निम्म्या बाकावर तो कुणाला बसू देत नाही. पुढचा माणूस खालच्या ओळीतच. ‘एवढी जागा रिकामी आहे, मग शेजारी का येत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर हेच. ‘इनलाइन’ म्हणजे गर्दीतले उभे प्रवासी, खांद्याला खांदा लावून. आणि ‘इनलाइन-ब्लॉक’ बाहेरून इनलाइन, आतून ब्लॉक. ओळीतच बसतो, पण स्वतःची रुंदी-उंची राखून.

सॉलिड वाटतंय ना? मग आता चौथ्या सीटची गोष्ट ऐका.

त्याच पानावर खाली चार प्रॉडक्टचे चार चौकोन होते. प्रत्येकी रुंदी २५ टक्के. डिस्प्ले, अर्थातच, इनलाइन-ब्लॉक. चार पंचे शंभर नव्हे, चार पंचवीस शंभर! गणित चोख. तरी तीन चौकोन वर आणि चौथा बिचारा खालच्या ओळीत एकटाच. आता इनलाइन-ब्लॉक बसतात शब्दांसारखे. दोन शब्दांमध्ये जागा असते. कोडमध्ये एका चौकोनानंतर आपण एंटर मारतो आणि पुढचा लिहितो. ब्राउझरला तो एंटर म्हणजे दोन शब्दांमधली रिकामी जागा. फट चार-पाच पिक्सेलची असेल, पण अशा तीन फटी शंभर टक्क्यांवर जादा झाल्या आणि चौथी सीट गेली. एके काळी वेब डिझायनर या फटी मारायला अक्षराचा आकार शून्य करायचे, नाहीतर सगळे चौकोन कोडमध्ये एकाला एक चिकटवून लिहायचे. मीही केलंय. शहाण्या माणसाने पुन्हा वाचू नये असं कोड तयार होतं.

दोष कुणाचाच नाही हो. ही भाषा दुकानं थाटायला जन्मालाच आली नव्हती. होकोन विउम ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली तेव्हा ते स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत होते. वेबचा जन्म तिथलाच, आणि तेव्हाची पानं म्हणजे मुख्यतः मजकूर. १९९६ साली पहिली आवृत्ती पक्की झाली, तिच्यात डिस्प्लेच्या किमती फक्त चार होत्या. ब्लॉक, इनलाइन, यादीतला मुद्दा आणि ‘नन’. तीन कॉलम शेजारी-शेजारी? सोयच नाही. म्हणून लोकांनी अख्खी वेबसाइट टेबलात कोंबली, मग ‘फ्लोट’वर चढवली. फ्लोट खरं तर फोटोच्या कडेने मजकूर वळवायला होतं! १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत डिस्प्लेला टेबलाच्या किमती मिळाल्या, पण इंटरनेट एक्सप्लोररला त्या कळायला २००९ उजाडलं. तोपर्यंत निम्म्या इंडस्ट्रीचे केस पांढरे.

मग आला ‘फ्लेक्स’, आणि त्याच्यामागोमाग ‘ग्रिड’. २०१७ च्या मार्चमध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी तिघांनीही महिन्याभरात ग्रिड आणलं. या दोघांनी गोष्टच उलटी केली. आता पोरांना विचारायचं नाही, आई-बापाला सांगायचं. बाहेरच्या डब्याला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ दिलंत की आतली मंडळी एका रांगेत. त्यातला कुणी जन्मजात इनलाइन असला तरी आत शिरल्यावर तो ब्लॉकसारखा वागतो, रुंदी-बिंदी सगळं ऐकतो. एंटरच्या फटी गायब. जागा हवी तर ‘गॅप’ वेगळं सांगा. आणि डब्याच्या बरोब्बर मध्यभागी काही ठेवणं, ज्यावर एके काळी जोक्स व्हायचे, ते तीन ओळींत.

एक मात्र लक्षात ठेवा. फ्लेक्सचा हुकूम फक्त मुलांवर चालतो, नातवंडांवर नाही. कुणीतरी चारही चौकोनांभोवती आणखी एक डबा गुंडाळतो आणि सकाळी सगळी रांग कोसळलेली असते. ‘काल तर चालत होतं!’ हो, काल ती मुलं होती.

फ्लेक्स एका रांगेचा, ग्रिड आडव्या-उभ्या दोन्ही रांगांचा. थिएटरच्या तिकिटासारखा, रांग आणि नंबर. माझं वैयक्तिक मत विचाराल तर लोक फ्लेक्सच्या इतके प्रेमात आहेत की चौकोनांच्या जाळीसाठीही त्याच्याशी कुस्ती खेळतात. आमच्या चार प्रॉडक्टना मी सरळ ग्रिड दिलं. चार कॉलम, टक्के नाहीत, ‘१ एफआर’ म्हणजे एकेक समान वाटा. गॅपची जागा आधी वजा होते, उरलेल्याचे चार वाटे पडतात. चौथी सीट कन्फर्म!

(कोड येत नसेल तरी चालेल. पानावर राइट क्लिक, ‘इन्स्पेक्ट’, आणि डिस्प्लेची किंमत बदलून बघा. पान रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. फायरफॉक्समध्ये तर जी ओळ लागूच होत नाही ती फिकट दिसते आणि कारणही सांगितलं जातं. आमच्या दोस्ताचे ६०० पिक्सेल फिकटच दिसले असते.)

६.५२ केव्हाच गेली होती. मी उठतच होते, तर साहेब म्हणाले, ‘‘आणि बघ, हे मी स्वतः केलंय. डीलर लोकांचे रेट याच पानावर आहेत, पण कस्टमरला दिसत नाहीत. डिस्प्ले: नन!’’

मी परत बसले.

‘नन’ म्हणजे डबा काढायचाच नाही. त्याची जागाही उरत नाही, बाकीचे सरकून बसतात. त्याचा चुलतभाऊ आहे ‘व्हिजिबिलिटी: हिडन’, म्हणजे रुमाल टाकून धरलेली सीट. माणूस दिसत नाही, जागा मात्र अडलेली. नन केलेला मजकूर स्क्रीन रीडरही वाचत नाही. म्हणून बटणावरचा शब्द ‘लूक’साठी नन करून फक्त चित्र ठेवलंत, तर अंध माणसाला ते बटण कशाचं हेच कळत नाही. पण यातलं काहीही झालं तरी मजकूर पोचलेला असतोच. सर्व्हरने तो अख्खा पाठवलेला असतो, पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. ब्राउझर फक्त तो रंगवत नाही.

मी काही बोलले नाही. राइट क्लिक केलं, ‘व्ह्यू पेज सोर्स’, आणि सर्च करून ‘डीलर’ टाइप केलं. तीन डीलर, तिघांची नावं, तिघांचे वेगवेगळे डिस्काउंट. सगळं काळ्यावर पांढरं.

‘‘हे... सगळ्यांना दिसतं?’’

‘‘बघायचं ठरवलं तर हो. पान कधीपासून लाइव्ह आहे?’’

‘‘बुधवारपासून.’’

तो भाग आम्ही पानातून कायमचा उडवला आणि पान पुन्हा चढवलं. दहा मिनिटांचं काम. मधल्या तीन दिवसांत कुणी पाहिलं असेल ते कळायला मार्ग नव्हता, आणि त्यातल्या एका डीलरला दुसऱ्यापेक्षा चार टक्के कमी मिळत होते. त्याने बराच वेळ फोन हातात नुसता धरला. मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बॉसचा नंबर लावला. काचेतून मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

मला ८.१२ मिळाली. बटणाचं कुणालाच आठवलं नाही. ते अजून ६०० पिक्सेल रुंद आहे, आणि मोबाइलवर स्क्रीनच्या बाहेर जातंय.