धान घरात, तणस आगीत : नागरा शिवारात घाई कशाची?

नागरा (ता. गोंदिया) : धानाची कापणी सुरू झाली की नागरा अन् आजूबाजूच्या गावांच्या शिवारात संध्याकाळी धूर दिसायला लागतो. हार्वेस्टर बांधीतून गेलं, धान ट्रॉलीत पडलं, की मागं उरलेल्या तणशीला काडी. थंडीच्या दिवसांत हा धूर वर चढत नाही, सकाळपर्यंत गावावरच बसून राहतो. ज्या घरात दम्याचा म्हातारा माणूस आहे, त्या घराला हे वेगळं सांगायची गरज नाही.

पर्यावरणाचा विषय निघाला की गावात दोनच गोष्टी होतात, झाड लावतानाचा फोटो अन् कापडी पिशवीचा उपदेश. दोन्ही चांगलेच. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या शिवमंदिरात गर्दी होते तेव्हा प्लास्टिकचा कचराही दिसतो, 2018 पासून राज्यात बंदी असली तरी दिसतो. पण धान पिकवणाऱ्याच्या हातातला सर्वात मोठा निर्णय पिशवीचा नाही, त्या एका काडीचा आहे.

पूर्वी तणस जाळायचा प्रश्नच नव्हता. विळ्यानं कापणी, कडपा वाळला की भारे, मग पुंजणे, मग चुरणे. तणस घरी यायची अन् ढोरं वर्षभर खायची. आता बैलजोडीची जागा ट्रॅक्टरनं घेतली, दावणीला एखादी गाय उरली. कापणीला मजूर वेळेवर मिळत नाही. हार्वेस्टर काही तासांत शेत मोकळं करतं, पण फूटभर खुंट ठेवतं अन् तणस ओळीनं बांधीतच टाकून जातं. ती गोळा करायला पुन्हा मजुरी. मग काडी स्वस्त पडते. त्यामुळे जाळणाऱ्याला आळशी म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. तो हिशेबच करतो.

फक्त हिशेब अर्धा करतो. "राख खतच होते ना" असं सर्रास ऐकायला मिळतं. यात थोडं खरं आहे. तणशीतलं पालाश राखेत उरतं, पण ती राख वाऱ्यानं उडते, पाण्यानं वाहते. नत्र मात्र बहुतेक धुरासोबतच जातं, गंधकाचाही काही भाग जातो. एक टन तणस जळाली की साधारण साडेपाच किलो नत्र गेलं, शिवाय जमीन भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय कर्बही गेला. जे शेतात होतं ते जाळायचं अन् रोवणीच्या वेळी युरियासाठी दुकानासमोर रांग लावायची, असा हा व्यवहार आहे.

आता पंजाबची गोष्ट. तिथला धूर टीव्हीवर दरवर्षी दिसतो. भूजल वाचवण्यासाठी 2009 च्या कायद्यानं तिथली रोवणी जूनमध्ये ढकलली, त्यामुळे कापणी उशिरा होते अन् गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. तिथल्या शेतकऱ्याची घाई खरी आहे. दिल्लीभोवतीच्या भागात 2024 मध्ये दंड दुप्पट केला, दोन एकराच्या आतल्याला 5,000 रुपये, पाच एकराच्या वर 30,000. तरी काड्या पेटतातच.

गोंदियाचं तसं नाही. उन्हाळी धान घेणारा जानेवारी-फेब्रुवारीत रोवणी करतो. नोव्हेंबरच्या कापणीनंतर त्याच्या हातात दीड-दोन महिने असतात. दिल्लीच्या पुसा संस्थेचं तणस कुजवणारं औषध ओल असली तर तीन-चार आठवड्यांत काम करतं. ज्याच्याकडे पाण्याची सोय नाही, त्याची जमीन तर पुढच्या पावसापर्यंत पडूनच राहते. त्याला कसली घाई? धानाच्या उभ्या पिकात लाखोरी टाकणाऱ्याला आग परवडतच नाही, अन् शेजारच्या बांधीतली आग धुरा ओलांडून आली तर त्याचं पीकही जातं. खरी अडचण धान निघताच हरभरा किंवा गहू पेरणाऱ्यांची आहे. त्यांना नुसतं "जाळू नका" म्हणून भागणार नाही.

त्यांच्यासाठी उपाय यंत्रातच आहे. हार्वेस्टरच्या मागं तणस बारीक करून पसरवणारा जोड बसवता येतो. तो असला की रोटाव्हेटर अडकत नाही. गठ्ठे बांधणारं बेलर यंत्रही आहे, पण एक-दोन एकरांच्या तुकड्यांसाठी ते कोणी एकटा बोलावणार नाही. दहा-पंधरा जणांनी एकाच आठवड्यात कापणी ठरवली तर यंत्रवाला येतो. गठ्ठे गोपालकाला द्या, धिंगरी अळंबी लावणाऱ्या बचत गटाला द्या. जून-जुलैत चाऱ्यासाठी तणस विकत शोधत फिरणारे गावातलेच असतात, हेही लक्षात ठेवा.

हार्वेस्टरवाल्यांशी बोलणी ऑक्टोबरच्या आधीच होतात, दर एकरी तिथंच ठरतो. तणस बारीक करायचा जोड आहे का, हा प्रश्न त्याच वेळी विचारायचा. एकट्यानं विचारला तर यंत्रवाला दुसऱ्या गावाला निघून जाईल. ग्रामसभेनं विचारला, तर त्याला उत्तर द्यावं लागेल. जोडाचे जादा पैसे कोणी द्यायचे, शेतकऱ्यानं, ग्रामपंचायतीनं की कृषी विभागानं, यावर भांडण होईल. ते भांडण कापणीच्या आधी झालेलं बरं.