फटीत आधी लाकूड, मग गोंद

खुर्चीचा पाय हलायला लागला की आपण सांध्यात फेविकॉल ओततो, सुतळीने करकचून आवळतो आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तिच्यावर बसवतो. थोड्याच दिवसांत पाय पुन्हा डुगडुगतो आणि शिव्या खातो फेविकॉल. खरा दोष असतो फटीचा.

पांढऱ्या फेविकॉलमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं. लाकडं एकमेकांना घट्ट भिडलेली असतील तर ते पाणी लाकूडच पिऊन टाकतं आणि मागे कागदाहून पातळ थर उरतो. असा सांधा लाकडालाही हार जात नाही. फट मोठी असली की मात्र पाणी गेल्यावर गोंद आक्रसतो, आत पोकळी राहते. डब्यावरचे दोन हत्ती कितीही ओढोत, फटीबद्दल त्यांनी कुणाला शब्द दिलेला नाही! भुसा कालवून भरणं म्हणजे निव्वळ डोळ्यांचं समाधान. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद त्याहून फसवा: फट भरलेली दिसते, पण आत नुसता फेस. फट खरोखर भरतं ते दोन नळ्यांचं इपॉक्सी, म्हणजे अरल्डाइटसारखं. त्यातून काही उडून जात नाही, त्यामुळे ते फारसं आक्रसत नाही.

पटत नसेल तर घरीच करून बघा. सागाच्या एकाच पट्टीचे तुकडे घ्या. प्रत्येक गोंदाच्या दोन जोड्या करा. एक घट्ट दाबून चिकटवा. दुसरीत कडांना लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे कपटे ठेवून फट राखा आणि मध्ये गोंद भरा. पावसाळ्यात चार-पाच दिवस वाळू द्या. मग एक तुकडा टेबलाला आवळा, डोळ्यांना चष्मा लावा आणि दुसऱ्यावर हातोडी मारा. मोडलेली बाजू नीट बघा. लाकडाचे तंतू उपटले गेले असतील तर गोंद पास. गुळगुळीत पापुद्रा निघाला तर नापास.

आता खुर्ची. जुना गोंद पटाशीने खरवडून काढा, कारण वाळलेल्या फेविकॉलवर नवा धरत नाही. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, सैल असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना त्याच लाकडाची पातळ ढलपी चिकटवा. वाळली की हाताच्या दाबाने खाचेत जाईल इतपत घासा आणि मगच फेविकॉल लावा. घाईच असेल तर इपॉक्सी चालेल. पण आजोबांच्या शिसवी खुर्चीला नको, पुढच्या दुरुस्तीला तो सांधा सहजी उघडणार नाही.

आणि सुतार घरी आला की ‘फेविकॉल जरा जास्त टाका’ म्हणू नका. ‘आधी ढलपी लावा’ म्हणा.