खालची ओळ

सांगलीतील एका वसाहतीच्या सभागृहात दर गुरुवारी सायंकाळी सहा वाजता समूहगानाची तालीम भरते. तीस-पस्तीस माणसे जमतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, एक औषधविक्रेते आहेत, दोन महाविद्यालयीन मुली आहेत. पण सर्वाधिक भरणा पंचावन्न ते सत्तर या वयाच्या स्त्रियांचा. त्यांपैकीच एकीची ही हकिकत. वसाहतीत लहानथोर सारे त्यांना काकू म्हणतात; येथेही तेवढे नाव पुरे.

काकूंचे वय ६२. महिला मंडळात गेली २६ वर्षे भक्तिगीताचा पहिला शब्द त्यांच्याच मुखातून निघत आला. पेटीवर काळी चारचा षड्ज धरला जाई, काकू उचल घेत आणि बाकीच्या स्त्रिया मागून म्हणत. मंडळाच्या अध्यक्षा बदलल्या, कोषाध्यक्षा बदलल्या, वर्गणीवरून रुसवेफुगवे झाले. परंतु उचल कोणी घ्यायची हा विषय कधी सभेपुढे आला नाही. अशा मानाची नोंद कोणत्याही वहीत नसते. म्हणूनच तो हातचा जाऊ लागला तर तक्रारही कोठे करता येत नाही.

तो जाऊ लागला अंतऱ्यावर. मध्य सप्तकात आवाज नीट चाले, तार षड्जही कसाबसा लागे; पुढे ऋषभ-गंधाराकडे वळताना मात्र आवाज एकदम चिरके, किंवा नुसती हवाच बाहेर पडे. आरंभी दोष सर्दीवर गेला. ज्येष्ठमध झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या, ताक आणि लोणचे बंद झाले. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासून स्वरतंतू निर्दोष असल्याचे सांगितले. (घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर ही तपासणी करून घेणेच शहाणपणाचे, ज्येष्ठमधावर विसंबू नये.) त्यानंतर काकूंनी एक युक्ती काढली. अंतरा आला की त्या मान खाली घालून वहीत पाहत, ओठ हलवीत आणि वरचे स्वर इतरांना म्हणू देत. दोन वर्षे हा व्यवहार निर्वेध चालला. कोणाच्या ध्यानात आले नाही याचे त्यांना समाधान वाटे, आणि वाईटही त्याचेच वाटे.

दुसरे दुःख याहून बारीक होते, पण ते अधिक बोचे. गॅसच्या नोंदणीसाठी फोन केला की पलीकडचा मुलगा म्हणे, "बोला साहेब." "साहेब नाही, बाई बोलते आहे," असे सांगावे लागे. एकदा त्यावर तो मुलगा क्षणभर गप्पच झाला. त्या दिवसापासून नोंदणीचे काम सुनेकडे गेले.

मुलाचा आवाज फुटतो हे सर्वांना ठाऊक असते. त्यासाठी भाषेत शब्द आहे, घरात कौतुक आहे आणि थट्टाही आहे. पन्नाशीच्या आसपास स्त्रीचा आवाज खाली उतरतो, त्यासाठी मात्र साधा शब्दही नाही. सामान्य बोलण्यात स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा कंप पावतात, पुरुषाचे सुमारे ११० ते १२० वेळा. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते, स्वरतंतू किंचित जाड होतात आणि कंपनांची ही संख्या कमी होते. वरचे स्वर अवघड होतात. खाली मात्र जागा मोकळी होते. ती मोकळी झाली आहे हे बहुतेकींना कळतच नाही, कारण आपल्याकडे गायिकेला 'वर जाऊन दाखव' असे सांगतात, 'खाली ये' असे सहसा कोणी सांगत नाही.

समूहगानाची कल्पना वसाहतीत आणली ती शाळेत संगीत शिकविणाऱ्या एका तरुणाने. वयाने काकूंच्या मुलाएवढा. पण त्या त्याला 'सर'च म्हणतात. त्याची एक तक्रार ऐकण्याजोगी आहे. पुरुषाला साधारणतः काळी एक किंवा पांढरी दोन ही पट्टी सोयीची, स्त्रीला काळी चार किंवा काळी पाच. दोहोंत चार-पाच स्वरांचे अंतर. समारंभात मात्र सर्वांना एकाच पट्टीत उभे केले जाते. परिणामी कोणी ओरडतो, कोणी पुटपुटतो आणि उरलेले 'आपल्याला गाणे येत नाही' अशी समजूत करून घेऊन आयुष्यभर गप्प बसतात. यावर तोड म्हणून आवाजांच्या वेगवेगळ्या ओळी करावयाच्या, प्रत्येकीला तिच्या कक्षेतील स्वर द्यावयाचे आणि त्या ओळी एकमेकींवर रचावयाच्या. पाश्चात्त्य वृंदगानाची ही रीत आपल्या गीतांना लावण्याचे मोठे काम सलील चौधरींनी केले. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत बाँबे यूथ कॉयरची स्थापना केली. वसंत देसाई यांनी शाळकरी मुलांना एकत्र करून केलेले समूहगान तर महाराष्ट्रातील एका पिढीच्या कानांत अजून आहे.

तर तालमीच्या दुसऱ्या गुरुवारी सरांनी प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे तपासला. काकू तार सप्तकाची धास्ती घेऊन उभ्या राहिल्या. सरांनी काळी चारचा षड्ज धरला आणि म्हणाले, "आता एकेक स्वर खाली या." काकू गोंधळल्या. खालचा निषाद लागला, धैवत लागला. मंद्र पंचमाशी त्या थबकल्या, आणि मग कणीक मळताना स्वतःशी गुणगुणावे तसा तो स्वर त्यांनी सोडून दिला. तो खोलीभर पसरला.

"छातीवर तळहात ठेवा आणि पुन्हा म्हणा," सर म्हणाले. तळव्याला कंप जाणवला. सरांनी पेटीवरचा हात काढून घेतला तरी स्वर हलला नाही. मध्यमावर तो क्षीण झाला, पण होता.

"काकू, तुम्ही खालच्या ओळीत बसा."

शास्त्राच्या दृष्टीने हा शोध होता. काकूंच्या कानांना ती पदावनती वाटली. खालची ओळ मागे बसते. तिला मुख्य चाल नसते, पुष्कळदा शब्दही नसतात, नुसते लांबविलेले स्वर असतात. २६ वर्षे उचल घेतलेल्या बाईने मागे बसून 'आ' लावावयाचा! घरी येऊन त्या म्हणाल्या, "मला मागं बसवलं." यजमान वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "मग जाऊ नकोस." नवऱ्यांचे हे उत्तर फार जुने असून बहुधा निरुपयोगीच असते. तरीही दोन गुरुवार काकू गेल्या नाहीत.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी त्या दोन महाविद्यालयीन मुलींपैकी एक दारात आली. तिचाही आवाज खालचा. शाळेत असताना त्यावरून तिला मुले चिडवीत असत. ती म्हणाली, "काकू, तुम्ही या ना. मला एकटीला ती ओळ धरता येत नाही. शेजारून मुख्य चाल ऐकू आली की मी तिकडेच वाहत जाते."

काकू गेल्या. पण ओळ धरता येत नाही हे त्यांच्याही लगेच लक्षात आले. सव्वीस वर्षांची सवय अशी की चाल वर चढली की आवाजही आपोआप तिच्यामागे धावे. पहिली तालीम एका कानात बोट घालून पार पडली. सरांनी उपाय सांगितला तो असा, की खालची ओळ वरच्या ओळीची शेपटी म्हणून शिकू नये, ते स्वतंत्र गाणे आहे असे समजून घरी पाठ करावे. मग सकाळी स्वयंपाकघरात ते सुरू झाले. सुनेने चौथ्या दिवशी विचारले, "आई, हे कुठलं गाणं?"

"गाणं नाही ग," काकू म्हणाल्या, "गाण्याच्या खालचं आहे."

या सुमारास सरांनी त्यांना गंगूबाई हनगल यांची दोन ध्वनिमुद्रणे ऐकविली, एक अगदी आरंभीचे आणि एक उत्तरकाळातील. गंगूबाईंचा जन्म १९१३ सालचा, धारवाडचा. १९२४ मध्ये बेळगाव येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेथे लहानग्या गंगूबाईंनी स्वागतगीत गायिले होते. 'गांधारी' या नावाने निघालेल्या त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांतील आवाज बारीक आणि उंच आहे. पुढे घशावरील शस्त्रक्रियेनंतर तो उतरला, भारदस्त झाला. इतका, की त्यांचे गाणे प्रथमच ऐकणाऱ्यास पुरुष गात असल्याचा भास व्हावा. सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला घेतलेली तालीम त्यांनी त्या ढाल्या स्वरात उभी केली, आणि आज किराणा घराण्याचे नाव घेताना कानांत येतो तो हाच आवाज. दोन्ही मुद्रणे ऐकून काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढेच विचारले, "यांना फोनवर साहेब म्हणत असतील का हो?"

शास्त्रीय संगीतात खर्जाच्या रियाजाचे महत्त्व फार. पहाटे मंद्र षड्ज धरून बसावे, आवाजाला पाया मिळतो, असे जुने गवई सांगत. महिला मंडळाच्या गाण्याला हा विचार शिवलेला नसतो. तेथे उंच पट्टीलाच उत्साह समजतात. काकूंचे सारे गाणे या समजुतीतच गेले होते. आपला आवाज संपला असे त्यांना वाटत होते, तेव्हा वस्तुतः सप्तकाचा वरचा एक तुकडा गेला होता आणि खाली त्याहून मोठा तुकडा कधी वापरलाच गेलेला नव्हता.

१५ ऑगस्टला वसाहतीच्या प्रांगणात कार्यक्रम झाला. दोनच गीते. दुसऱ्या गीतात एक जागा अशी होती की वरच्या तिन्ही ओळी थांबत आणि खालची ओळ मंद्र पंचमावर दोन आवर्तने तशीच उभी राही. काकू आणि ती मुलगी शेजारी शेजारी होत्या. मुलीचा श्वास पहिल्या आवर्तनाअखेर संपला. तिने तो घेतला तेवढा वेळ काकूंनी स्वर धरून ठेवला, काकूंनी श्वास घेतला तेव्हा मुलीने धरला. ऐकणाऱ्यांना खंड जाणवला नाही. हे त्यांनी आधी ठरविलेले नव्हते. कार्यक्रमानंतर मंडळातील एक भगिनी म्हणाल्या, "काकू, यंदा तुमचा आवाज ऐकूच आला नाही."

"होता," काकू म्हणाल्या आणि चहाच्या टेबलाकडे वळल्या.

गॅसची नोंदणी आता पुन्हा त्याच करतात. तो मुलगा अजूनही साहेबच म्हणतो. त्याला दुरुस्त न करता त्या फक्त नोंदणी क्रमांक लिहून घेतात.

महिला मंडळाचे प्रकरण मात्र इतक्या सहजी मिटले नाही. काकूंनी सरळ सांगितले, की आपल्याला काळी चार झेपत नाही. पांढरी चार, म्हणजे तीन घरे खाली, धरावी. साठीपुढच्या चौघी-पाचजणींनी लगोलग माना डोलावल्या. त्यांचेही ओठच हलत होते हे तेव्हा उघड झाले. तरुण सुनांनी मात्र कुरकुर केली, की इतक्या खाली उठावच येत नाही. पेटीवाल्या बाईंची अडचण वेगळीच होती. त्यांची बोटे सारी गीते काळी चारमध्येच ओळखतात. दुसऱ्या पट्टीत पहिलीच ओळ चुकते. स्केल चेंजर पेटी घेतली तर बोटे तीच ठेवून पट्टी बदलता येईल, पण तिला पैसे लागतात. सध्या पहिली दोन गीते पांढरी चारमध्ये होतात, पेटीशिवाय, आणि उचल काकू घेतात. उरलेली काळी चारमध्ये. त्यांची उचल तिसऱ्या इमारतीतील एक सून घेते, आणि तेव्हा काकू खालच्या सप्तकात आपली ओळ धरतात. कोणी शिकविलेली नसते ती, त्या जागच्या जागी शोधतात. कधी चुकतेही.

पेटीच्या खरेदीचा विषय पुढच्या मासिक सभेपुढे आहे. गेल्या सभेच्या इतिवृत्तात 'उचल कोणी घ्यावी याबाबत चर्चा झाली' असे वाक्य आले आहे. २६ वर्षांत प्रथमच.