फुल्या कुठं मारायच्या?

कोल्हापुरात नवीन आलेल्या मुलाला ‘सायबर चौक’ म्हटलं, की त्याला वाटतं तिथं सायबर पोलिस ठाणं असणार, नाहीतर सायबर कॅफेंची रांग. तसलं काही नाही. ‘सायबर’ नावाच्या मॅनेजमेंट शिक्षणसंस्थेवरनं चौकाला ते नाव पडलं. खरा सायबर प्रश्न बघायचा असेल, तर ॲडमिशनच्या दिवसांत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जा.

तुम्ही व्हॉट्सॲपवरनं पीडीएफ पाठवता. दुकानदार काका कॉम्प्युटरवर डाउनलोडचं फोल्डर उघडतात. आपली फाइल शोधता शोधता आधी येऊन गेलेल्यांच्या फाइली डोळ्यांसमोरनं सरकतात. आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान, आणि बहुतेक फाइलींवर मालकाचं नावसुद्धा! यात हॅकर कुठं आहे? कुठंच नाही. काका प्रामाणिक आहेत. माहिती उघडी पडली, कारण ती झाकायची असते हे कुणी ठरवलंच नव्हतं.

सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच होतं. आणि आता ते फक्त प्रोग्रॅमरच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही.

कायद्यात आलेली फुली

‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा’ २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्या आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं लागू होतील, असं नियमांतच म्हटलंय. म्हणजे आज तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल, तर नोकरीला लागाल तेव्हा हा कायदा तुमच्या टेबलावर असणार.

सुरक्षेबद्दलचा सहावा नियम मुळातून वाचण्यासारखा आहे. लोकांची माहिती सांकेतिक करून ठेवा, धूसर करा, मास्किंग करा, म्हणजे आपल्या भाषेत फुल्या मारा, किंवा खऱ्या माहितीऐवजी टोकन वापरा, असे पर्याय त्यात स्पष्ट दिले आहेत. पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून माहिती फुटली, तर कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण त्याच नियमात आणखी एक अट आहे. माहिती कुणी, कधी बघितली याच्या नोंदी ठेवा आणि त्या वर्षभर जपा. या नोंदींना सॉफ्टवेअरवाले ‘लॉग’ म्हणतात. चोरी पकडायला लॉग लागतोच, त्यामुळं अट योग्य आहे. पण त्या लॉगमध्येच लोकांचे पासवर्ड आणि आधार नंबर लिहिले गेले असतील तर? मग आपण पुरावा जपतोय असं समजून चोराच्या सोयीचं गाठोडं वर्षभर सांभाळत बसतो.

ऑब्जेक्ट बोलका असतो

लॉगमध्ये पासवर्ड जातोच कसा? तुम्ही प्रोजेक्टमध्ये ‘विद्यार्थी’ नावाचा एक ऑब्जेक्ट केला. त्याच्या पोटात नाव, वर्ग, मोबाइल, आधार, पासवर्ड. रात्री दोन वाजता कोड चालेना, म्हणून तुम्ही तो अख्खा ऑब्जेक्ट प्रिंट केला. पायथनचा डेटाक्लास असो वा जावाचं रेकॉर्ड, त्याला ‘तू कोण?’ विचारलं की तो पोटातलं सगळं सांगून मोकळा होतो. नाव सांगतो आणि पासवर्डही सांगतो. कोड दुरुस्त झाला, तुम्ही झोपलात. प्रिंटची ती ओळ तिथंच राहिली. पुढं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढलं आणि प्रत्येक लॉगिनला ती ओळ एका फाइलीत गुपचूप लिहीत बसली.

हे फक्त शिकाऊ पोरांचं होतं असं समजू नका. मे २०१८ मध्ये ट्विटरनं जाहीर केलं, की एका चुकीमुळं पासवर्ड सांकेतिक होण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. कंपनीनं आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा विचार करा असं सांगितलं. २०१९ मध्ये फेसबुकनंही कोट्यवधी पासवर्ड आपल्या यंत्रणेत उघडे पडून होते अशी कबुली दिली. त्या प्रकरणात आयर्लंडच्या नियामकानं २०२४ मध्ये ९.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला. दोन्हीकडं पासवर्ड साठवायची मुख्य पद्धत चांगलीच होती. तिजोरी भक्कम, पण आत ठेवायच्या आधी दागिने मोजताना आकडा आणि वर्णन बाहेरच्या फळ्यावर लिहिलं गेलं, असा प्रकार.

‘लक्षात ठेवू’ हा उपाय नाही

‘आम्ही पासवर्ड प्रिंट करणार नाही’ अशी शपथ घेऊन भागत नाही. टीममध्ये पाच जण असतात, सहावा उद्या येतो. म्हणून हे काम माणसाच्या लक्षात राहण्यावर न सोडता ऑब्जेक्टच्या रचनेतच बसवायचं. त्यासाठी तयार लायब्ररी आहेत आणि त्या फुकट आहेत.

पायथनमध्ये ‘पायडँटिक’ नावाची लायब्ररी आहे. तिच्यात गुप्त मजकुरासाठी वेगळा प्रकार मिळतो. त्यात ठेवलेला पासवर्ड कुणी प्रिंट केला, तर नुसत्या फुल्या दिसतात. खरा पासवर्ड हवाच असेल, तर ‘गुप्त किंमत दे’ अशी वेगळी आज्ञा मुद्दाम लिहावी लागते. जावाच्या ‘लॉम्बॉक’मध्ये एखादं फील्ड छापू नको, अशी खूण करता येते. ‘लॅराव्हेल’मध्ये लपवायच्या फील्डची यादी देता येते, तर ‘रेल्स’मध्ये लॉगमधनं गाळायच्या शब्दांची.

यात पहिली पद्धत मला जास्त पटते, कारण ती सवयच उलटी करते. यादी पद्धतीत सगळं उघडं असतं आणि आठवेल तेवढं झाकलं जातं. पायडँटिकच्या पद्धतीत त्या फील्डला एकदा गुप्त ठरवलं, की ते झाकलेलंच राहतं आणि उघडायचं तर हात उचलून सांगावं लागतं. ती आज्ञा कोडमध्ये शोधली, की गुपित कुठं कुठं उघडलं जातं ते मिनिटात कळतं.

फुली फसते तेव्हा

फुल्या मारल्या म्हणजे काम झालं, असंही नाही. बऱ्याच वेबसाइट स्क्रीनवर मोबाइल नंबरच्या जागी फुल्या दाखवतात, पण सर्व्हर ब्राउझरला अख्खा नंबर पाठवत असतो. नेटवर्कचा टॅब उघडायला येणाऱ्या कुणालाही तो दिसतो. दुसरं म्हणजे फुली हे कुलूप नव्हे. डेटाबेसमध्ये माहिती तशीच पडली असेल, तर फुल्या फक्त दारावरचा पडदा ठरतात.

आणि तिसरं, फुली मारायची सवय समाजातही लागते. त्याचं उदाहरण आधारचंच. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पहिले आठ अंक झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ आज कुणालाही डाउनलोड करता येतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयानं आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड प्रत वापरा, असं पत्रक काढलं. गैरसमज होईल म्हणून सरकारनं ते दोन दिवसांत मागं घेतलं. सोय आहे, पण लॉजवाला, क्लासवाला आजही अख्खीच प्रत मागतो आणि आपण देतो.

हे आपल्या गावाचं का आहे?

कोल्हापूर सहकाराचा जिल्हा. गावोगाव दूध संस्था, पतसंस्था, सेवा सोसायट्या. त्यांच्याकडं सभासदांचे आधार, खाते क्रमांक, वारसांची नावं असतात. अशा संस्थांची सॉफ्टवेअर बऱ्याचदा छोट्या फर्म बनवतात, आणि त्या फर्ममध्ये इंटर्न म्हणून जाणार कोण? तुम्हीच. तुम्ही विसरलेल्या प्रिंटच्या ओळीत कुणाच्या तरी आज्जीचा खाते क्रमांक असेल. तिला लॉग म्हणजे काय ते ठाऊक नाही. उद्या फसवणुकीचा फोन आला आणि समोरच्यानं तिचा खाते क्रमांक अचूक सांगितला, तर ती त्याला बँकेचाच माणूस समजेल.

तेव्हा आधी घरापासनं सुरुवात करा. रक्तदाता शोधणारं ॲप असो नाहीतर मेसचं ॲप, प्रोजेक्टमध्ये मित्रांचे खरे नंबर घालू नका, खोटा डेटा तयार करा. कोड गिटहबवर टाकण्याआधी पासवर्ड आणि की वेगळ्या काढा. एकदा वर गेलेली की नुसती पुसून भागत नाही, जुन्या नोंदीत ती राहते, त्यामुळं बदलावीच लागते. आणि प्रत्येक फील्डपुढं एक प्रश्न लिहा : हे आपल्याला खरंच लागतंय का? जे घेतलंच नाही, ते फुटणार कसं?

आज रात्री एक करा. तुमच्या प्रोजेक्टमधला सर्वांत महत्त्वाचा ऑब्जेक्ट प्रिंट करून बघा. स्क्रीनवर जे उमटेल, ते झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या फोल्डरमध्ये पडलेलं तुम्हाला चालेल का?