दाटलेला पान्हा

मागल्या महिन्यात बोरीवलीला भाचीकडे जाणे झाले. पहिलटकरीण, मुलगा झालेला, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलेली. डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन मी जिना चढले तो आतून बाळाचा आणि बाळंतिणीचा, दोघांच्याही रडण्याचा आवाज. तिची छाती दगडासारखी झालेली, काखेपर्यंत ठणका. पोर तोंड उघडायचे, बोंडाला लागायचे, निसटायचे आणि चवताळून रडायचे. विहीणबाई मुलाला डब्याचे दूध आणायला पाठवण्याच्या तयारीत होत्या. "हिच्या अंगावर दूधच नाही," म्हणाल्या. दुधाने छाती फुटायची वेळ आलेली, आणि म्हणे दूध नाही!

त्यांना हसण्यात अर्थ नाही. घरोघर हेच होते. आपल्या गोठ्यात मात्र आपण असे करत नाही. गाय व्याली, कास ताठली आणि वासराला सड धरता येईना, तर आपण आधी चार धारा हाताने काढतो, कास मऊ करतो आणि मग वासरू लावतो. दूध कासेत तुंबले तर दगडी होते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. सुनेच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण गोठ्यातच ठेवून येतो.

होते काय, तर पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. तो थोडाच असतो, पण बाळाला तेवढा पुरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भराभर उतरू लागते आणि त्याबरोबर छातीकडे रक्त आणि पाणीही धावते. म्हणजे ती सगळी फुगवट दुधाचीच नसते, सूजही असते. बोंडाभोवतीचा काळा भाग ताणून गुळगुळीत झाला की बाळाच्या तोंडात मावत नाही. ते नुसते टोक चोखते. टोकाला चिरा पडतात, दूध निघत नाही, छाती आणखी दाटते. असे फार दिवस चालले तर दूध लागत नाही असे समजून शरीर खरोखरच दूध कमी करते. भाचीच्या बाळाला पहिल्या दिवशी मधाचे बोट आणि गुटी दिली होती आणि आईला झोप मिळावी म्हणून दोन रात्री दुसरीकडे निजवले होते. सगळे मायेनेच, पण छाती दाटायला तेवढे पुरले.

शेजारच्या इमारतीत एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांना बोलावले. त्यांनी हात साबणाने धुतले, भाचीला पाठ टेकवून बसवले, पाठीवरून हात फिरवला, बाळ मांडीवर दिले. ऊन पाण्यात पिळलेला पंचा दोन-चार मिनिटेच छातीवर ठेवला. मग अंगठा वर आणि पहिले बोट खाली, बोंडापासून दीड-दोन बोटे मागे, काळ्या भागाच्या कडेला धरले. आधी छातीच्या फासळ्यांकडे हलकेच दाबायचे, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे, मग सोडायचे. दाब, सोड. बोंड ओढायचे नाही, कातडीवर बोटे घासायची नाहीत. गाईसारखी धार ओढायला गेलात तर चूक, आणि दुखते तेही फार. पहिली मिनिटे काहीच आले नाही. मग थेंब, मग बारीक चिळकांडी. बोटांची जागा फिरवत सगळ्या बाजूंनी काढले. काळा भाग मऊ झाल्याबरोबर थांबून बाळ लावले, आणि ते गटागट प्यायला लागले. विहीणबाई बघतच राहिल्या.

इथे गाईचा नियम लावू नका. छाती पार रिकामी करायची नसते. तशी केली तर दूध आणखीच वाढते. मऊ होईल एवढेच काढा, बाकीचे बाळाला काढू द्या. रात्र धरून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा. पाजून झाल्यावर गार पाण्याची घडी ठेवा. शेगडीचा शेक छातीला तासन् तास देऊ नका, सूज वाढते. तेल लावून रगडणे, पंचा करकचून बांधणे, हेही नको. कोबीची गार पाने ठेवून बऱ्याच जणींना आराम पडतो.

काढलेले दूध फेकू नका. उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात ते घरात चार तास टिकते, कडक उन्हाळ्यात कमी, फ्रिजमध्ये एक दिवस. चुलीवर तापवू नका, भांडे कोमट पाण्यात ठेवा आणि वाटी-चमच्याने पाजा. बाटली नको. लावणीला जाणाऱ्या आईलाही हीच युक्ती कामी येते.

या दुधाचे मोल कळायचे तर बोरीवलीहून दादरला उतरून शीवला जावे. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्यांना पान्हा भरपूर, त्या माता आपले जादा दूध काढून देतात. त्यांच्या रक्ताची तपासणी होते. दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि गोठवून ठेवतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, आजारी, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांना ते देतात. आपल्या घरात ज्याला "साचलेले, वाईट दूध" म्हणून मोरीत सोडतात ते तिथे थेंबथेंब जपतात.

एक मात्र लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप आला, छातीवर लाल, गरम चट्टा दिसला, किंवा गाठ दिवसभरात उतरली नाही, तर नर्सबाईला किंवा आशाताईला बोलावून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाजणे तेव्हाही थांबवायचे नाही. तुंबलेले दूध तसेच राहिले तर गळू होते. बाळ सुस्त पडले, पिवळे दिसू लागले किंवा लंगोट कोरडे राहू लागले, तर एक रात्रसुद्धा वाट पाहू नका.

परवा भाचीचा फोन आला. पोर दिवसाला सात-आठ लंगोट ओले करते म्हणाली. विहीणबाईंनी मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवले, आणि वर तिला बजावले, "ओढायचं नाही हो, दाबायचं."