जवानाचा आडोसा

शेजारच्या वहिनींचा धाकटा मुलगा अग्निवीर म्हणून पायदळात भरती झाला. प्रशिक्षण संपवून तो जम्मूकडे निघून गेला, त्या संध्याकाळी वहिनी आमच्याकडे येऊन बसल्या. पुढ्यातला चहा निवत चालला तरी त्यांचे लक्ष नव्हते. मग एकदम म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला ठाऊक असेल. त्याला ते गोळी न लागणारं जॅकेट मिळेल ना हो?"

"मिळेल की, न मिळायला काय झालं?" असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण रात्री तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. क्षेपणास्त्रांचा पल्ला, विमानांच्या किमती, रणगाड्यांची नावे आपल्याकडे शाळकरी पोरेही घडाघडा सांगतात. प्रत्यक्ष सीमेवर उभा असलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा मात्र कशामुळे वाचतो, हे आपण कधी विचारत नाही. वहिनींनी ते विचारले होते आणि मी त्यांना खोटा दिलासा देऊन बसवले होते.

या प्रश्नाचे पहिले उत्तर मला फार पूर्वी मिळाले होते. कॉलेजात एनसीसीत असताना आमचे शिबिर एका माळावर होते. शिकवायला मराठा पलटणीतले एक हवालदार होते. फौजेच्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. एके सकाळी त्यांनी आम्हाला रांगेत बसवले आणि समोर बोट दाखवून विचारले, "या माळावर किती माणसं आहेत, सांगा." आम्ही डोळे ताणून पाहिले. कोणाला दोन दिसली, कोणाला तीन. उस्तादांनी शिट्टी वाजवली आणि नऊ जण उठून उभे राहिले. त्यांतला एक तर आमच्यापासून दहा पावलांवर, वाळलेल्या गवतात पालथा पडलेला होता.

मग त्यांनी वस्तू नजरेला का पडते याची कारणे सांगितली. आकार, सावली, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उमटणारी आकृती, पृष्ठभाग, चमक, दोन वस्तूंमधले एकसारखे अंतर आणि हालचाल. निसर्गात काहीही सारख्या अंतरावर उगवत नाही, म्हणून सारख्या अंतराने बसलेली पाच माणसे पाच झुडपांसारखी दिसत नाहीत. टेकडीच्या माथ्यावरून चालणारा माणूस मैलावरून दिसतो, तोच माथ्याच्या जरा खालून चालला तर दिसत नाही. घड्याळाची काच चमकते. आणि बाकीचे सगळे साधले तरी मान वळवली की घात होतो. गोळी अडवणारी वस्तू वेगळी आणि नुसती नजर अडवणारी वेगळी, हेही त्यांनी त्याच दिवशी शिकवले. झुडूप लपवते, पण वाचवत नाही. वाचवते ती माती, दगड आणि स्वतः खणलेला मोर्चा.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. झाडी, दरी, खिंड यांचा उपयोग करून थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला टेकीस आणायचे, यालाच आपण गनिमी कावा म्हणतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाला भेटायला जाताना महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते, हे तर आपण चौथीच्या इतिहासापासून ऐकत आलो. भूमीची जाण आणि अंगावरचे संरक्षण, दोन्ही त्यात आले.

युरोपला मात्र हे फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून उमगले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा फ्रेंच शिपाई लाल विजारी घालून रणात उतरले होते आणि कोणाही देशाच्या शिपायाच्या डोक्यावर आजच्यासारखे पोलादी शिरस्त्राण नव्हते. लाल विजारी गेल्या आणि पोलादी हेल्मेट आले ते १९१५ मध्ये. इंग्रजी फौजेचा लाल डगला त्याआधीच आपल्या उपखंडातल्या धुळीने उतरवला होता. पेशावरला १८४६ मध्ये उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीने मातकट रंगाचे कपडे घेतले. 'खाक' म्हणजे धूळ, म्हणून खाकी. पोलिसाच्या अंगावरचा तो रंग मुळात रुबाबाचा नाही, लपण्याचा आहे!

आता वहिनींच्या जॅकेटकडे वळू. गोळी न लागणारे जॅकेट अशी वस्तू जगात नाही. ज्या धाग्यामुळे आजची जॅकेटे शक्य झाली, तो केव्हलार १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी शोधला. त्याचे थरावर थर पिस्तुलाची गोळी किंवा तोफगोळ्याची बारीक कपची अडवतात. एके-४७ची गोळी त्यांना भेदून जाते. तिच्यासाठी छातीवर आणि पाठीवर सिरॅमिकसारख्या कठीण पदार्थाची ताटे बसवावी लागतात. गोळीचे टोक ताटावर फुटते आणि उरलेला वेग मागचे थर पेलतात. ताटे आली की वजन आले. सगळ्या ताटांसह जॅकेट दहा किलोच्या आसपास जाते. त्यावर बंदूक, काडतुसे, पाणी, शिधा. इतके करूनही चेहरा आणि हातपाय उघडेच राहतात.

हे वजन म्हणजे काय, ते १९९९ च्या मे ते जुलैमध्ये कारगिलला कळले. तोलोलिंग, टायगर हिल ही शिखरे १५-१६ हजार फुटांच्या घरातली. श्वास अपुरा पडतो, उतारावर झुडूप नाही. वर शत्रू दगड रचून केलेल्या आडोशामागे बसलेला आणि खालून चढणारा आपला जवान उघड्यावर. तिथे अंधार हाच आडोसा होता आणि बोफोर्स तोफांचा मारा हेच संरक्षण. तोलोलिंग १३ जूनला घेतले, टायगर हिल ४ जुलैला. या युद्धात आपले ५२७ जवान आणि अधिकारी कामी आले. थंडीचे कपडे, हलकी जॅकेटे, रात्री पाहण्याची साधने यांची चणचण त्या वेळी देशाला कळली आणि आता तरी हे बदलेल असे सर्वांना वाटले.

पुढे काय झाले? सैन्याला १,८६,१३८ नव्या जॅकेटांची गरज आहे, हे सरकारने २००९ मध्ये मान्य केले. निविदा निघाल्या, नमुने आले, चाचण्यांत नापास झाले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. मधल्या काळात निकड भागवायला २०१६ मध्ये ५० हजार जॅकेटे तातडीने घ्यावी लागली. मूळ मागणीचा करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, सुमारे ६३९ कोटी रुपयांना. आपण घरी बसून भागाकार करू. एका जॅकेटला साधारण ३४ हजार रुपये पडले. मध्यमवर्गीय घरात एक चांगला फ्रिज येतो तेवढे. २०१६ मध्ये ३६ राफेल विमानांचा करार सुमारे ५९ हजार कोटींचा झाला. शस्त्रे, सुटे भाग सगळे धरून एका विमानाच्या वाट्याला १,६०० कोटींहून अधिक आले. म्हणजे पावणेदोन लाख जवानांच्या छातीचे संरक्षण एका विमानाच्या निम्म्या किमतीतही बसत होते.

विमान नको होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मुद्दा असा की नऊ वर्षे पैशामुळे गेली नाहीत. ती गेली वस्तू कशी हवी ते ठरवण्यात, तपासण्यात आणि फायली फिरवण्यात. हलके हवे, कठीण पोलादी गाभ्याची गोळी अडवणारे हवे, सर्व मापांचे हवे आणि स्वस्तही हवे, या मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. त्यात भारताचे स्वतःचे मानकच नव्हते. भारतीय मानक ब्यूरोने ते २०१८ मध्ये तयार केले. हेल्मेटचीही हीच कथा. काश्मीरमध्ये जवान वर्षानुवर्षे 'पटका' बांधत आले. कपाळ आणि डोक्याची मागची बाजू झाकणारा, अडीच किलोंहून जड. नव्या दीड लाखावर हेल्मेटांचा करार व्हायला २०१६ साल उजाडले. आणि उंचावरच्या थंडीचे म्हणाल, तर महालेखापरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आला, त्यात बर्फातल्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के असल्याची नोंद होती. कारगिलनंतर वीस वर्षांनी!

चांगले घडलेच नाही असे नाही, तेही सांगायला हवे. आता जॅकेटे आणि हेल्मेटे देशात बनतात आणि परदेशांतही जातात. कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने एप्रिल २०२४ मध्ये पूर्वीपेक्षा हलके आणि अधिक भेदक गोळी अडवणारे जॅकेट तयार केल्याचे जाहीर झाले. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिन संचलनात लढाईचा नवा ठिपकेदार गणवेशही दिसला. तरी प्रयोगशाळेतली वस्तू शेवटच्या चौकीपर्यंत किती वर्षांत पोहोचते, हा प्रश्न विचारायची सवय आपण सोडता कामा नये.

जॅकेटवर सारी भिस्त ठेवणेही चुकीचे, हे मुंबईने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवत असल्याचे दृश्य आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतर थोड्याच वेळात कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत झुडपाआड दबा धरलेल्या दोघांनी पोलिसांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर गेले. करकरे यांचे जॅकेट पुढे सापडले नाही आणि त्याविषयी माहिती अधिकारात विचारणा करण्याची वेळ त्यांच्या पत्नीवर आली. जॅकेटच्या दर्जाबद्दल पुष्कळ वाद झाला. पण उस्तादांच्या धड्याप्रमाणे पाहिले तर त्या गल्लीत मारेकरी आडोशाला होते आणि आपली माणसे उघड्यावर होती. चांगले जॅकेट हवेच, पण ही तफावत कोणतेही जॅकेट भरून काढत नाही.

म्हणून प्रशिक्षण. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेची रचना चार वर्षांची, त्यात प्रशिक्षण सुमारे सहा महिन्यांचे, आणि चार वर्षांनंतर तुकडीतल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश मुलांना कायम करण्याची तरतूद. फौज तरुण राहील, या युक्तिवादात तथ्य आहे. पण लपण्याची विद्या पाठांतराने येत नाही, ती अंगवळणी पडावी लागते. आमचे उस्ताद वाऱ्याची दिशा न बघता सांगत, ती पंधरा-वीस वर्षांची पुंजी होती. चौघांतले तिघे चार वर्षांत घरी परतणार असतील, तर उद्याचे उस्ताद पुरेसे निपजतील का, याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

कारण उस्तादांच्या यादीत आता भर पडली आहे. युक्रेनमध्ये २०२२ पासून चाललेल्या युद्धाने दाखवले की स्वस्त ड्रोनला बसवलेला कॅमेरा माणसाच्या अंगची ऊब टिपतो. हिरवे कपडे आणि डहाळ्या ऊब झाकत नाहीत. आणि दुसरी भर म्हणजे खिशातला फोन. १ जानेवारी २०२३ रोजी माकीवका शहरात एका इमारतीवर अग्निबाण पडले. रशियानेच आपले ८९ सैनिक मेल्याचे सांगितले आणि सैनिकांनी वापरलेल्या मोबाइलमुळे ठिकाण उघड झाले, असे कारण दिले. घरी नववर्षाच्या शुभेच्छा देणारा फोन आभाळाच्या रेषेवर उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसू शकतो.

इथे गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या. कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये सरकारला वाहिन्यांना पुन्हा तेच बजावावे लागले. वाहिन्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण पोराचा चौकीवरचा फोटो गटागटांत पाठवणारे, "कुठे आहेस, लोकेशन टाक" म्हणणारे आपणच असतो.

गेल्या महिन्यात मी वहिनींकडे गेलो आणि पहिल्या दिवशीचे उत्तर दुरुस्त केले. म्हटले, जॅकेट मिळते, पण त्याने सगळे भागत नाही. बाकी काय लागते, तेही जमेल तसे सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आता दहा-दहा दिवस फोन येत नाही त्याचा. आधी मला राग यायचा. परवा आला तेव्हा विचारलं, कुठं आहेस? तर म्हणाला, आई, बरा आहे, एवढंच विचार."

"मग?"

"मग काय, तेवढंच विचारते."